गडद पट्ट्याची रुंदी

सेगेड, ९ फेब्रुवारी १९६४

बोर्का,

सोळा वर्षांनी तुझं पत्र माझ्या नावावर आलं. आपल्या बापाला, अपाला, दर वर्षी त्याच्या नामदिनाला, त्याच्या नावाच्या संताच्या दिवशी, कार्ड पाठवतेस ते मी पाहते, पण त्यावर माझं नाव कधी नसतं. आता नाव आलं, तेव्हा काम असणार हे पाकीट फोडायच्या आधीच ओळखलं.

पाकीट आधी कुणीतरी फोडलेलं होतंच. तुमच्या स्वीडनचा डिंक पांढरा असतो, आपल्या टपालाचा पिवळा. या पाकिटावर दोन्ही होते. तेव्हा मधल्या मधे वाचणाऱ्या त्या तिसऱ्या माणसालाही माझा नमस्कार. आमच्या घरात लपवण्यासारखं काही नाही म्हणावं.

तू लिहितेस, गेल्या वर्षी सरकारने माफी जाहीर केली, पळून गेलेल्यांना आता भेटीला येता येतं, तुझ्या आकोशला परवाना मिळाला आणि तुला नाकारला. कारण तुझ्या नावापुढे चोरीची तक्रार आहे. सरकारी मालमत्ता, फोटो घेतलेल्या अकरा काचा. तक्रारीखाली माझी सही आहे, आणि मी ती मागे घेतली तर जुलैत येऊन तू अपाला भेटू शकशील.

बरोबर वाचलंस. सही माझीच आहे.

आता माझं ऐक. अठ्ठेचाळीसच्या नोव्हेंबरात, अकरा तारखेला, गुरुवारी, प्रयोगशाळेत आपण दोघींनी सशाच्या कमरेच्या स्नायूतून कुटून सोडवलेले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली धरले. त्यांवर स्नायू आखडवणारं ते द्रावण थेंबाने सोडलं आणि प्रत्येक काचेवर आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो घेतले. अकरा काचा वहीत चढल्या. ती वही आजही माझ्या टेबलात आहे. रविवारी तू आकोशबरोबर सीमा ओलांडलीस. सोमवारी कपाट उघडलं तर काचा नाहीत. त्या पंखांनी उडाल्या का?

त्या काचांवर काय होतं हे तुला सांगायला नको. स्नायूच्या तंतूवर गडद आणि फिकट पट्टे आळीपाळीने असतात, झेब्र्याच्या अंगावर असावेत तसे. प्रोफेसरसाहेबांचं म्हणणं, स्नायू आकसतो तेव्हा आतले धागे लोकरीसारखे गुंडाळले जातात, म्हणजे गडद पट्टाही अरुंद व्हायला हवा. आपल्या काचांवर तो अरुंद होत नव्हता. फक्त फिकट पट्टा होत होता. दहा वर्षांपूर्वी परदेशातल्या लोकांनी तेच छापलं आणि साऱ्या जगाने माना डोलावल्या. मी सहा वर्षं आधी पाहिलं होतं, बोर्का. माझ्याकडे पुरावा तेवढा नव्हता.

आणि पंचावन्न साली गोथेनबर्गहून तुझा लेख येतो. स्नायूचा फोटो, गडद पट्ट्याची रुंदी, आधी आणि नंतर. त्यात माझं नाव कुठेच नाही.

तू काचा नेल्यास एवढं एका ओळीत लिहून पाठव. मी त्याच दिवशी तक्रार मागे घेते.

अपा बरा आहे. मागच्या वाफ्यासाठी मिरचीचं बी भिजत घालायचं म्हणतोय.

एतेल्का


सेगेड, २ मार्च १९६४

बोर्का,

तुझं पत्र मिळालं, पार्सलही मिळालं. कॉफीच्या पुड्याला एका कोपऱ्यात भोक होतं. शेजारच्या मार्गिट काकूने पोस्टातून आणून दिलं. ती म्हणते, 'असंच आलं गं बाई, मी काय उंदीर आहे?' दुसऱ्या दिवशी तिच्या स्वयंपाकघरातून जो वास येत होता तो कॉफीऐवजी इथे पितात त्या चिकोरीचा नव्हता.

मोजे पायाला बरोबर बसले. लाच म्हणून पाठवले असशील तर सांगून ठेवते, मी मोज्यांना विकली जात नाही.

एका ओळीचं मागितलं होतं, तू चार पानं लिहिलीस. चार पानांत तेच तेच: 'एतेल, मी काचा नेल्या नाहीत. माझ्या पिशवीत लोकरीचे दोन मोजे, खसखशीची वडी आणि आईच्या दोन फण्या होत्या. दलदलीतून चालत जाताना काचेची पेटी कोण नेईल?'

म्हणजे फण्या तूच नेल्यास!

आई मरेपर्यंत त्या फण्या शोधत होती. शिंगाच्या, तिच्या लग्नातल्या. मी मार्गिट काकूवर संशय घेतला, तीन महिने तिच्याशी बोलले नाही. आणि तू सोळा वर्षांनी सहज लिहितेस. आज फण्या कबूल केल्यास, उद्या काचाही करशील. धीर धरायला मी तयार आहे.

अपाला तुझं पत्र वाचून दाखवलं. फण्यांचं ऐकून तो हसायलाच लागला. इतका हसला की खोकला आला. म्हणाला, 'अगं, त्याच फण्या! ज्या दिवशी तुम्ही दोघी तावातावानं भांडत घरी आलात, त्या दिवशी बोर्कानं इथं टेबलावर दाखवलं मला. दोन फण्या समोरासमोर धरल्या, दातात दात घातले नि आत सरकवल्या. म्हणाली, बघ अपा, एकही दात आखूड झाला नाही, पण फण्या जवळ आल्या ना? स्नायू असाच आखडतो. मी म्हटलं, पोरी, सशाच्या तंगडीत फण्या असतात हे इतकी वर्षं प्रयोगशाळेचे ससे पाळूनही मला कळलं नाही!'

मला हे काही आठवत नाही. त्या वेळी मी खोलीत नसेन.

अपा म्हातारा झालाय. त्याला कालचं जेवण आठवत नाही आणि अठ्ठेचाळीसच्या फण्या आठवतात. त्याचं बोलणं पुरावा म्हणून धरता येणार नाही.

तू विचारलंस डॉक्टर काय म्हणतात. वय झालं म्हणतात. एकोणऐंशी. आणखी काय म्हणणार?

एतेल्का


सेगेड, २१ मार्च १९६४

बोर्का,

परवा अपाचा नामदिन झाला. शेजारीपाजारी आले, मार्गिट काकूने कोबीचे रोल आणले (तुझ्याच कॉफीच्या पापाचं प्रायश्चित्त असावं), अपाने जर्दाळूच्या दारूचे दोन पेले घेतले. तुझं कार्ड त्याने खिशात ठेवलं आणि येईल त्याला दाखवलं. 'माझी धाकटी जुलैत येणार आहे.' लोक माझ्याकडे बघायचे. आपल्या गल्लीत कुणाला काय ठाऊक आहे हे मला नक्की सांगता येत नाही, पण त्या बघण्यावरून सगळ्यांनाच ठाऊक असावं.

आता दुसरी गोष्ट. तुझा पंचावन्नचा लेख मी पुन्हा काढला. नऊ वर्षांत मी तो नीट पाहिलाच नव्हता. पाहिला की डोकं तापायचं आणि मिटून ठेवायची. या खेपेला भिंग घेऊन बसले, पट्टी घेऊन बसले. म्हटलं, आपली काच असेल तर ओळखू येईलच. सातव्या काचेवर डाव्या हाताला हवेचा बुडबुडा होता, तो मी डोळे मिटूनही काढून दाखवीन.

फोटोत बुडबुडा नाही. आणि तो तंतू सशाचा नाहीच. बेडकाच्या पायातली अख्खी पेशी आहे, सबंध, जाड काठाची. आपले तंतू कुटून सोडवलेले, केसाचे शंभर भाग केले तर त्यातल्या एकाएवढे. फोटोखाली तू तसं स्वच्छ लिहिलंही आहेस, 'बेडूक'. तो शब्द मी नऊ वर्षं वाचला नव्हता.

हे मी तुला प्रामाणिकपणे कळवते आहे. माझ्या जागी दुसरी असती तर गप्प बसली असती.

पण याचा अर्थ तू निर्दोष ठरलीस असा नाही. काचा नेल्या असतील आणि वापरल्या नसतील. किंवा वाटेत फुटल्या असतील. किंवा आकोशने तुझ्या नकळत नेल्या असतील. तो माणूस मला पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता, फार गोड बोलायचा. आई म्हणायची, 'एतेल दुधात केस शोधते, आणि नाही सापडला तर स्वतःचा घालते.' आईलाही आकोशच आवडायचा.

इकडे प्रयोगशाळेचं जुनं ससेघर पाडताहेत, तिथे नवी इमारत येते आहे. अपाला कळलं तसा तो हट्टाला पेटला. 'चाळीस वर्षं मी ससे पाळले, तिथली लाकडं मला द्या.' लाकडं कुजलेली होती, ती नको म्हणाला, पण छोट्या खिडक्या हातगाडीवर घालून घेऊन आला. मिरचीच्या रोपांच्या वाफ्यावर थंडीपासून जपायला काच लागतेच. तुला आठवत असेल, युद्धानंतर गावात काच मिळत नव्हती. प्रयोगशाळेतल्या बाद झालेल्या फोटोच्या काचा धुण्याच्या सोड्यात उकळून, खरवडून अपा खिडक्यांना बसवायचा. तशाच त्या.

हातगाडी त्याने स्वतः ढकलत आणली आणि दारात बसला. अर्धा तास त्याला उठता आलं नाही. ओठ निळे पडले होते.

मी तुला खोटं लिहिलं होतं. डॉक्टर म्हणाले वय झालं, हे खरं, पण त्यापुढेही म्हणाले. हृदय थकलंय. ताणलं जातं, पण पुरतं आखडत नाही. मी स्नायूवर पंचवीस वर्षं काम करते, मला त्यांनी सांगायची गरज नव्हती. त्यांना जुलैबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी हात हलवले, असे, पोळीवरचं पीठ झटकावं तसे.

मी हे आधी का लिहिलं नाही? कारण लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, अपा मरतोय आणि तू काचा मोजतेस.

तरीही ती एक ओळ तू लिहून पाठवावीस, असं मला वाटतं. मग सगळं सोपं होईल.

एतेल्का


सेगेड, ५ एप्रिल १९६४, रविवार

बोर्का,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता चौथं. जे येईल ते येईल.

आज सकाळी अपा वाफ्यावर खिडक्या मांडत होता. मी त्याला धरून उभी होते. बहुतेक काचा स्वच्छ, त्यातून खालची हिरवी रोपं दिसत होती. एका बाजूच्या काचा मात्र काळपट. मी म्हटलं, 'अपा, या खरवडायच्या राहिल्या की.'

तो म्हणाला, 'राहिल्या नाहीत, मीच ठेवल्या. पिल्लं घातलेल्या सशिणीला उजेड चालत नाही. उजेड आला की ती पिल्लं तुडवते. तेव्हा प्रयोगशाळेच्या पेटीत जेवढ्या लई काळ्या काचा येत, त्या मी न खरवडता तिच्या खिडकीला लावायचो. थंडीत तिला बाळंतपणाची खोली. काय कळतंय तुला, तू काय ससे पाळलेस?'

'पण रोपांना तर ऊन लागतं,' मी म्हटलं.

'म्हणून तर या कडेला. इथं पालेभाजी लावणार आहे, तिला थोडी सावली बरी.'

मी एक काच चौकटीतून काढली. नुसतीच, हाताला काही काम हवं म्हणून. दमटपणाने कडा गेल्या होत्या, मधला भाग शाबूत होता. आभाळाकडे धरली.

पट्टे होते. गडद, फिकट, गडद, फिकट. डावीकडे हवेचा बुडबुडा.

बोर्का, मी मातीत बसून एकेक काच काढून बघितली. अकराच्या अकरा काचा त्या खिडक्यांत होत्या. काही तडकल्या आहेत, दोन पार गेल्या आहेत. सोळा वर्षं त्या आपल्याच प्रयोगशाळेच्या अंगणात होत्या, माझ्या खिडकीपासून चाळीस पावलांवर. मी रोज तिथून जात होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, त्यातलं झालं. पण माझं त्याहून वाईट झालं आहे, ते आता लिहिते.

आपली कामाची रीत तुला आठवत असेल. एकीने मोजायचं, दुसरीने तपासायचं. तपासणारीला काच पसंत नसेल तर तिने कोपऱ्यात सुईने 'बाद' असं ओरखडायचं आणि मोरीखालच्या लाकडी पेटीत टाकायची. काच बाद झाल्याची वहीत नोंद होत नसे, शनिवारी सकाळी ती पेटी अपा घेऊन जायचा. सातव्या काचेच्या कोपऱ्यात ओरखडलेलं मी आत्ता समोर ठेवून इथे उतरवते:

'मोजणी बोर्का. तपासणी एतेल्का. बाद.'

शाबूत राहिलेल्या नऊही काचांवर तेच आहे. माझं अक्षर आहे. घाईचं, रागाचं, एके ठिकाणी सुई इतकी दाबली आहे की काचेवरही चरा पडलाय.

मग मला सगळं आठवलं. आठवलं म्हणणंही खोटं आहे, मी ते दाबून ठेवलं होतं. तू सूक्ष्मदर्शकावरून डोकं वर काढून म्हणालीस, 'एतेल, गडद पट्टा अरुंद होतच नाही. पुन्हा बघ ना!' मी म्हटलं, तुझं लक्ष आकोशकडे असतं, तुला पट्टी धरता येत नाही. तू म्हणालीस, 'मग तूच मोज.' आणि मी मोजलं नाही. प्रोफेसरसाहेब म्हणतात धागे गुंडाळले जातात, म्हणजे पट्टा अरुंद व्हायलाच हवा, होत नसेल तर मोजणारी चुकली. एका मागून एक अकरा काचांवर मी 'बाद' खरडलं आणि तुझ्यादेखत पेटीत टाकलं. तू रडत बाहेर गेलीस. घरी येऊन अपाला फण्या दाखवल्यास. मी त्या खोलीत होते, बोर्का. चुलीपाशी उभी होते. दातात दात सरकताना मी पाहिले आणि तोंड फिरवलं.

सोमवारी सरकारची दोन माणसं आली. तू गेल्याचं त्यांना कळलं होतं. वहीत अकरा काचा, कपाटात एकही नाही. एकाने विचारलं, 'या कुठे आहेत?' मी 'बाद केल्या' म्हटलं असतं तर त्याने विचारलं असतं, बहीण पळण्याच्या तीन दिवस आधी तुम्ही तिच्या काचा का नष्ट केल्या, कॉम्रेड? मी घाबरले. मी म्हटलं, तिच्याकडे असतील. त्याने लिहिलं, 'बहिणीने नेल्या,' आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मी सही केली.

त्या क्षणी मला पेटी आठवली होती की नव्हती, हे आज मला शपथेवर सांगता येत नाही. एवढं खरं की त्यानंतर कधी आठवू दिली नाही. आणि मग दहा वर्षांपूर्वी जगाने ती गोष्ट छापली तेव्हा मी एक पाऊल आणखी पुढे गेले. 'बोर्काने पाहिलं होतं' याचं हळूहळू 'आम्ही पाहिलं होतं' झालं, आणि त्याचं 'मी पाहिलं होतं'. पहिल्या पत्रात मी तुला तसंच लिहिलं.

चोर मी निघाले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी सोळा वर्षं मारल्या. आई तुला न बघता गेली.

अपाला मी सगळं सांगितलं, तिथेच, मातीत बसून. त्याने हातातली चौकट खाली ठेवली. मग म्हणाला, 'पेटी तर मीच नेली होती. तू मला का विचारलं नाहीस? मी आपल्या घरात राहतो, स्वीडनमध्ये नाही.'

सगळ्यांवर संशय घेतला, मार्गिट काकूवर, आकोशवर, टपालवाल्यावर. विचारलं मात्र कुणालाच नाही.

उद्या तक्रार मागे घ्यायला कचेरीत जाते.

एतेल


सेगेड, १४ एप्रिल १९६४

बोर्का,

तीनदा गेले. पहिल्या दिवशी साहेब जागेवर नव्हते. दुसऱ्या दिवशी होते पण कागद सापडत नव्हता. काल सापडला. माझी सही अजून काळीभोर आहे, सरकारी शाई चांगली असते.

मी नवीन निवेदन लिहून दिलं. काचा बहिणीने नेल्या नाहीत. त्या मी स्वतः बाद केल्या आणि तसं न सांगता खोटी सही केली. सोबत नऊ काचा, एक-एक कापसात गुंडाळून. साहेबांनी सातवी उजेडाकडे धरली, फिरवली, उलटी केली. मग माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती, मी रोज आरशात बघते.

म्हणाले, 'बाई, सोळा वर्षांनी आठवलं?'

मी म्हटलं, 'हो.'

'आणि बहिणीचा अर्ज आल्यावरच आठवलं? काय पाठवलं तिने? कॉफी? मोजे?'

माझ्या पायात तेच मोजे होते. मी पाय खुर्चीखाली घेतले. म्हटलं, 'दोन्ही पाठवलं. पण सुईने ओरखडलेलं अक्षर माझं आहे, तपासून घ्या.'

'या काचा तुम्ही गेल्या आठवड्यात ओरखडल्या नाहीत कशावरून?'

बोर्का, काय सांगू? मी खरं बोलत होते आणि तो विश्वास ठेवत नव्हता. तू सोळा वर्षं काय सोसलंस ते मला दहा मिनिटांत कळलं. शेवटी मी त्यांना दाखवलं, ओरखड्याच्या आतही तोच हिरवट बुरा आहे, सशिणीच्या खोलीतल्या ओलीचा, आणि त्यात एक पांढरा केस अडकलाय. तो बुरा आठवड्यात चढत नाही. त्यांनी भिंग मागवलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, 'ससा?' मी म्हटलं, 'सशीण.' तेव्हा कुठे शिक्का उचलला.

तुझ्या नावापुढची तक्रार रद्द झाली. परवान्याचा कागद सहा आठवड्यांत तुझ्याकडे येईल. मे संपेपर्यंत आला नाही तर मला तार कर, मी पुन्हा जाऊन बसते. माझ्याबद्दल प्रयोगशाळेला वेगळं पत्र गेलंय. विभागाची प्रमुख मी आता राहणार नाही, ते कालच कुजबुजत होते. नोकरी राहील असं वाटतं. नाही राहिली तर अपाबरोबर मिरच्या लावीन.

आणखी एक केलं. काचा कचेरीत देण्याच्या आदल्या दिवशी सातवी सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि मोजली. तू म्हणाली होतीस ना, मग तूच मोज. थेंब सोडण्याआधीचा गडद पट्टा: दीड मायक्रॉन. आखडल्यानंतर: दीड मायक्रॉन. तीन वेळा मोजलं. केसाएवढाही फरक नाही. वहीत अकरा नोव्हेंबरच्या पानावर, जुन्या नोंदीखाली, त्या दिवसाची तारीख घालून लिहिलं आहे: 'मोजणी बोर्काची. बरोबर.'

अपा दिवसभर खिडकीत बसून असतो. रोपं चार पानांवर आली आहेत. त्याला चालवत नाही, पण जीभ शाबूत आहे. डॉक्टरांना म्हणाला, 'जुलैपर्यंत ढकला हो गाडी, पुढचं माझं मी बघतो.' डॉक्टरांनी या खेपेला हात झटकले नाहीत. नुसती नाडी धरून बसले. मी तुला काही लपवत नाही: जूनमध्ये येता आलं तर जूनमध्ये ये.

मार्गिट काकूकडे गेले होते. फण्यांचं सांगितलं. ती म्हणाली, 'कॉफी पण मी नव्हती घेतली.' मग हळूच म्हणाली, 'दोन चमचे घेतली.' आम्ही दोघी खूप हसलो. मला किती वर्षांत असं हसू आलं नव्हतं.

हे पाकीट मी आपल्याच डिंकाने चिकटवलं आहे, कुणाला वाचायचं असेल तर वाचू दे.

येताना आईच्या फण्या आण. अपाला पुन्हा एकदा दाखव, दातात दात कसे सरकतात ते. या वेळी मी टेबलाशी बसेन.

तुझी
एतेल